आधी मुद्दा की आधी पुरावा?

महाराष्ट्र शासनाचा कोणताही शासन निर्णय काढून पाहिला तरी त्याची मांडणी जवळजवळ ठरलेली दिसते. वर शीर्षक, विभागाचे नाव, क्रमांक आणि दिनांक, त्याखाली आधीच्या निर्णयांचे आणि पत्रांचे संदर्भ, मग 'प्रस्तावना', आणि त्यानंतर 'शासन निर्णय' या मथळ्याखाली प्रत्यक्ष निर्णय. योजनेला केव्हा मान्यता मिळाली, समिती कधी नेमली, तिने कोणती शिफारस केली, कोणती बाब शासनाच्या विचाराधीन होती, हा सारा इतिहास प्रस्तावनेत येतो. ज्याला त्या निर्णयाप्रमाणे काही करायचे असते तो ग्रामसेवक किंवा मुख्याध्यापक हा भाग ओलांडून थेट खालचा मजकूर गाठतो. नागरिकाचा अर्जही याच वळणाचा. 'विषय' या ओळीत मागणीची चाहूल लागते. पण 'उपरोक्त विषयास अनुसरून' म्हणत अर्जदार आधी सगळी हकिकत सांगतो आणि नेमके काय हवे ते 'ही नम्र विनंती'च्या शेवटच्या वाक्यात येते. या मांडणीला कारणे असू शकतात. पण ती कारणे तपासून कोणी ती निवडली आहे असे दिसत नाही. ती चालत आली आहे. माझे म्हणणे असे की, मराठीतल्या सार्वजनिक लेखनात निष्कर्षाची जागा बहुतेक वेळा सवय ठरवते, आणि ती वाचणाऱ्याच्या गरजेवरून ठरायला हवी. ज्याला वाचून लगेच काही करायचे आहे त्याला निष्कर्ष आधी मिळावा. ज्याचे मत आपल्या विरोधात आहे त्याच्यापुढे पुरावा आधी यावा. आणि विषय काय आहे हे मात्र दोघांनाही सुरुवातीलाच कळावे.

या दोन मांडण्यांना शिक्षणशास्त्रात नावे आहेत आणि डी.एड. किंवा बी.एड. झालेल्या प्रत्येकाला ती पाठ असतात. आधी उदाहरणे आणि त्यांतून नियम, ही उद्गामी पद्धती. आधी नियम आणि मग त्याची उदाहरणे, ही अवगामी. विशेषण शिकवायचे तर फळ्यावर 'गोड आंबा', 'उंच झाड', 'पाच मुले' असे लिहावे, त्यांत समान काय ते मुलांकडूनच काढून घ्यावे आणि व्याख्या शेवटी सांगावी, असे भावी शिक्षकांना पाठाचे टाचण शिकवताना सांगितले जाते. परिच्छेदालाही हेच लागू आहे. मुद्द्याचे वाक्य डोक्यावर ठेवून खाली आधार दिले तर परिच्छेद अवगामी, आधार रचत जाऊन शेवटी मुद्द्यापाशी पोचले तर उद्गामी. पण तोच शिक्षक निबंध शिकवायला उभा राहतो तेव्हा ही जोडी वर्गाबाहेर राहते. उरते ती 'आरंभ, मध्य, शेवट' ही त्रिसूत्री. आरंभ आकर्षक हवा, मध्यात मुद्द्यांचा विस्तार हवा, शेवट परिणामकारक हवा, एवढे मुलांना कळते. मुद्दा कुठे ठेवायचा, का आणि कोणासाठी, हा प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही. म्हणून वैचारिक निबंधाचा पहिला परिच्छेद एखाद्या सुविचाराने, 'आजच्या विज्ञानयुगात' या शब्दांनी किंवा 'मानव हा समाजशील प्राणी आहे' या निर्विवाद विधानाने भरला जातो. त्यात मुद्दाही नसतो आणि पुरावाही नसतो. पुढे हीच मुले अर्ज, अहवाल, टिपण्या आणि अग्रलेख लिहितात.

क्रम बदलल्याने काय बदलते, ते एका उदाहरणावर पाहता येईल. विषय दरडींचा घेऊ. अवगामी मांडणीचा परिच्छेद असा होईल: 'सह्याद्रीच्या तीव्र उतारांवरच्या आणि पायथ्याच्या वाड्यांचे पुनर्वसन दरड कोसळायची वाट न पाहता करायला हवे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातले माळीण दरडीखाली गेले आणि दीडशेवर माणसे मृत्युमुखी पडली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळियेवर तीच वेळ आली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली. तिन्ही वेळा महिना जुलै, तिन्ही वेळा आधी मुसळधार पाऊस, तिन्ही वेळा वस्ती डोंगराला बिलगून.' आता यातले पहिले वाक्य उचलून शेवटी ठेवावे आणि त्याच्या आधी 'म्हणून' लिहावे. शब्द तेच, पुरावा तोच. परिच्छेद उद्गामी झाला. पहिल्या मांडणीत वाचणाऱ्याला दावा माहीत असतो, त्यामुळे प्रत्येक घटना त्या दाव्याला कितपत आधार देते हे तो तपासत जातो. दुसऱ्या मांडणीत तो तीन घटना एकामागून एक ऐकतो, त्यांतले साम्य त्याचे त्यालाच जाणवू लागते आणि शेवटचे वाक्य येते तेव्हा ते त्याला अर्धेअधिक स्वतःचे वाटते. पहिल्या क्रमात तपासणे सोपे जाते, दुसऱ्यात पटणे सोपे जाते. या दोन्ही गोष्टी चांगल्या लेखनाला लागतात, पण प्रत्येक वाचकाला त्या सारख्याच प्रमाणात लागत नाहीत.

हाच मजकूर मे महिन्यात जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर जाणार असेल, तर पहिल्या ओळीत काय करायचे, कोणत्या वाड्यांसाठी आणि कधीपर्यंत, हे यायला हवे. त्याला माळीण ठाऊक आहे. तिसऱ्या पानापर्यंत पोचेपर्यंत पाऊस सुरू होऊ नये एवढीच अपेक्षा आहे. पण ज्याचे शेत, गोठा आणि देवस्थान त्या उतारावर आहे, त्या वाडीतल्या माणसाला पहिल्याच वाक्यात 'तुम्ही इथून हला' असे सांगितले, तर तो पुढचे ऐकत नाही. तो त्या वाक्याशीच भांडत राहतो आणि त्याच्याकडे भांडायला कारणेही असतात. त्याच्यापुढे आधी माळीण, तळिये आणि इर्शाळवाडी यायला हवीत, त्यांचे उतार आणि त्याचा उतार यांतले साम्य यायला हवे. दोघांपुढे दोन क्रम ठेवणे हा दुटप्पीपणा नव्हे का, असे कोणी विचारील. दुटप्पीपणा तेव्हा होतो जेव्हा दावा किंवा पुरावा माणूस पाहून बदलला जातो. इथे दोन्ही कायम आहेत; फक्त कोणाला कशाची आधी गरज आहे, एवढेच पाहिले आहे. डॉक्टर रुग्णाला आणि सहकारी डॉक्टरला एकाच रोगाबद्दल सांगताना वेगळ्या ठिकाणाहून सुरुवात करतो, म्हणून त्याचे निदान दोन होत नाही.

उद्गामी क्रमाचा आणखी एक उपयोग आहे आणि तो वाचकाआधी लिहिणाऱ्याला होतो. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारनेच तेव्हा सांगितले होते. 'यादीतली गावे हलवा' असा दावा मनात पक्का करून कोणी लिहायला बसला, तर ही तिसरी घटना त्याला अडचणीची वाटेल आणि ती हळूच गाळण्याचा मोह होईल. आधी घटना मांडून त्यांतून निष्कर्ष काढायचा ठरवला, तर मात्र निष्कर्षच बदलावा लागेल: यादीवर विसंबून चालणार नाही, डोंगराचा उतारच पाहावा लागेल. म्हणजे विचार करताना आधी पुरावा असणे हितावह आहे. पण विचार करण्याचा क्रम हाच सांगण्याचाही क्रम असला पाहिजे, असे त्यातून सिद्ध होत नाही. या दोहोंत गल्लत होते म्हणूनच अनेक लेख आणि अहवाल लेखकाने कसा विचार केला त्याची रोजनिशी होऊन बसतात. आधी त्याला काय दिसले, मग काय वाटले, मग त्याने काय वाचले आणि अखेरीस तो कुठे पोचला, हे सगळे वाचकाला त्याच्या मागे चालत सोसावे लागते.

हा फरक आपल्याकडे फार पूर्वी ओळखला गेला होता. न्यायदर्शनाने अनुमानाचे दोन प्रकार मानले: स्वतःच्या समजुतीसाठी केलेले ते स्वार्थानुमान, दुसऱ्याला पटवण्यासाठी केलेले ते परार्थानुमान. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'त हा भेद नवशिक्याला कळेल इतक्या सोप्या भाषेत दिला आहे. स्वतःसाठी अनुमान करणारा माणूस आधी धूर पाहतो, स्वयंपाकघरात धूर आणि अग्नी एकत्र पाहिल्याचे त्याला आठवते आणि शेवटी पर्वतावर अग्नी आहे या निर्णयाला तो येतो. पण तेच दुसऱ्याला सांगताना पाच अवयवांचे वाक्य वापरावे, आणि त्यातला पहिला अवयव प्रतिज्ञा: पर्वतावर अग्नी आहे. मग हेतू, मग उदाहरण, मग प्रस्तुत ठिकाणी त्याची जुळणी म्हणजे उपनय, आणि शेवटी निगमन. ज्याने शोध घेतला त्याला निष्कर्ष शेवटी मिळाला होता. ज्याला सांगायचे त्याला तो आधी दिला जातो. पुढचा वाद तर आपल्या विषयाला अधिकच जवळचा आहे. मीमांसकांना आणि वेदान्त्यांना पाच अवयव जास्त वाटले. त्यांच्या मते तीन पुरेत, आणि ते तीन दोन प्रकारे घेता येतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, नाहीतर उदाहरण, उपनय, निगमन. पहिल्या त्रयीत मुद्दा आधी येतो, दुसरीत तो शेवटी येतो. दोन्ही मांडण्या पूर्ण आहेत आणि दोन्ही ग्राह्य आहेत, असा त्यांचा निर्वाळा आहे. परिच्छेदाच्या मांडणीबद्दल आजही याहून नेमके काही सांगता येणार नाही.

हे इथे सांगण्याचे कारण, मुद्दा आधी सांगणे ही इंग्रजी शाळेची आयात आहे आणि आपला स्वभाव वळणे घेत जाण्याचा आहे, असा एक समज प्रचलित आहे. त्याला पाश्चात्त्य अभ्यासकांनीही खतपाणी घातले. रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकी भाषावैज्ञानिकाने १९६६ साली वेगवेगळ्या भाषिकांच्या परिच्छेदांची रेखाचित्रे काढली. त्यांत इंग्रजीच्या वाट्याला सरळ रेष आली आणि पौर्वात्यांच्या वाट्याला आत आत वळत जाणारी वेटोळी. पुढे या मांडणीवर बरीच टीका झाली आणि कॅप्लन यांनी स्वतःच ती सौम्य केली. मराठीचा पुरावा तर तिच्या सरळ विरुद्ध जातो. मराठीच्या आद्य गद्यग्रंथांत गणल्या जाणाऱ्या केसोबासांच्या 'दृष्टांतपाठा'त आधी चक्रधरांचे सूत्र येते, मग दृष्टांत, मग त्याचा अर्थ जुळवून देणारे दार्ष्टांतिक. नारदीय कीर्तनाची घडणही हीच. पूर्वरंगात मूळ पद घेऊन सिद्धांताचे निरूपण करायचे, उत्तररंगात तो सिद्धांत आख्यानातून दाखवायचा आणि अखेरीस पुन्हा मूळ पदाशी यायचे. कीर्तनाला बसलेल्या, अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यालाही आज बुवा काय सांगणार हे आरंभीच कळत असे. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'च्या पहिल्या प्रकरणात ग्रंथाचे तात्पर्य काढण्याची मीमांसकांची कसोटी घेतली आहे, आणि तिच्यातले पहिले लक्षणच उपक्रम आणि उपसंहार हे आहे. ग्रंथाचा आरंभ आणि शेवट पाहिला की त्याला काय म्हणायचे आहे ते कळले पाहिजे, अशी अपेक्षा त्यात गृहीत आहे. तेव्हा मुद्दा शेवटपर्यंत दडवून ठेवणे ही आपली परंपरा आहे, असे म्हणायला फारसा आधार नाही.

इथे विषय आणि निष्कर्ष यांतला फरक स्पष्ट केला पाहिजे, कारण निष्कर्ष राखून ठेवणारे पुष्कळदा विषयही राखून ठेवतात आणि तिथे वाचक हरवतो. जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याबाबत निर्णायक आहे. त्यांनी कपडे धुण्याच्या कामाचे वर्णन करणारा एक परिच्छेद लोकांना ऐकवला, पण त्यात कपडे हा शब्दच नव्हता. वस्तूंचे गट करा, एका वेळी फार घेऊ नका, यंत्रसामग्री नसेल तर दुसरीकडे जा, अशा धर्तीची ती वाक्ये होती. ज्यांना विषय आधी सांगितला होता त्यांना परिच्छेद कळला आणि तो त्यांच्या बऱ्यापैकी लक्षातही राहिला. ज्यांना विषय सांगितलाच नव्हता त्यांना ते शब्दांचे जंजाळ वाटले. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे: ज्यांना परिच्छेद संपल्यावर विषय सांगितला, त्यांना त्याचा जवळपास काहीच फायदा झाला नाही. माहिती आत येताना तिला जागा तयार नसेल, तर नंतर तयार केलेली जागा रिकामीच राहते. म्हणून उद्गामी मांडणी करणाऱ्यानेही 'हा परिच्छेद दरडींचा आहे आणि प्रश्न पुनर्वसनाचा आहे' एवढे पहिल्याच वाक्यात सांगायला हवे. उत्तर शेवटी ठेवता येते, पण प्रश्न शेवटी ठेवून चालत नाही.

न्यायालयांनी हा प्रश्न बराच नीट सोडवला आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश २०, नियम ४ नुसार निकालपत्रात प्रकरणाची थोडक्यात हकिकत, निर्णयासाठीचे मुद्दे, त्यांवरचा निर्णय आणि त्या निर्णयाची कारणे असावी लागतात. निर्णय कारणांच्या आधी नमूद आहे, हे लक्षात घेण्याजोगे. आपल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांच्या निकालपत्रांत याचेच एक सोयीचे रूप दिसते. हकिकत संपली की एक तक्ता येतो. डावीकडे मुद्दे आणि उजवीकडे त्यांवरचे निष्कर्ष, होकारार्थी किंवा नकारार्थी. त्यानंतर कारणमीमांसा सुरू होते आणि सर्वांत शेवटी आदेश. वकील असो, पक्षकार असो की अपिलाचे न्यायाधीश असोत, कारणे वाचायला लागण्याआधी त्यांना कोणता मुद्दा कोणाच्या बाजूने गेला हे ठाऊक असते. त्यामुळे कारणे निकालाला पुरी पडतात का, हे प्रत्येक परिच्छेदाला तपासता येते. न्यायाधीशाने साक्षीपुरावा पाहूनच निष्कर्ष काढलेला असतो, तरी लिहिताना तो आधी देतो. त्याच्या लेखनाची उलटतपासणी होणार असते आणि ती सोपी करणे हे त्याचे कर्तव्यच असते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप प्रामाणिकपणाचा आहे. आधी पुरावा मांडणारा वाचकाला स्वतंत्रपणे विचार करू देतो, तर आधी निष्कर्ष सांगणारा पुराव्याला आपल्या सोयीने वळवतो, असे म्हटले जाते. विज्ञानाचा दाखला त्यासाठी दिला जातो. पण त्याच विज्ञानातले एक नोबेल विजेते पीटर मेडावर यांनी १९६३ साली बीबीसीवरून दिलेल्या भाषणात शोधनिबंधाची रूढ मांडणी हीच फसवणूक आहे का, असा सवाल केला होता. आधी पद्धत, मग निरीक्षणे, मग चर्चा, या क्रमामुळे असे भासते की शास्त्रज्ञ कोऱ्या मनाने तथ्ये गोळा करत गेला आणि निष्कर्ष आपोआप उगवला. प्रत्यक्षात त्याच्या मनात एक अटकळ आधीच होती आणि कोणते निरीक्षण करायचे हे तिनेच ठरवले होते. म्हणून चर्चा निबंधाच्या आरंभी यावी, असे मेडावर यांचे म्हणणे होते. चार्ल्स डार्विनची १८५९ ची मांडणी या संदर्भात पाहण्यासारखी आहे. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या प्रास्ताविकात त्याने आपले मत थोडक्यात सांगून टाकले. मात्र पहिले प्रकरण त्याने पाळीव प्राण्यांवर, विशेषतः कबुतरांवर लिहिले, कारण माणूस निवड करून नव्या जाती घडवतो हे इंग्लंडमधल्या वाचकाला मान्य होते. नैसर्गिक निवड चौथ्या प्रकरणात येते. विरोधी मताच्या वाचकाला परिचित पुराव्यावरून नेणे आणि तरीही आपण कुठे चाललो आहोत हे न लपवणे, या दोन्ही गोष्टी एकत्र जमतात, हे त्यावरून दिसते.

प्रामाणिकपणाच्या बाजूने पाहिले तर उद्गामी मांडणीचा एक प्रकार खरोखर घातक आहे, आणि तो सध्या फार बोकाळला आहे. त्यात घटना एकामागून एक रचल्या जातात, वाचकाचा राग किंवा भीती वाढवत नेली जाते आणि निष्कर्ष मात्र लिहिलाच जात नाही. 'निर्णय वाचकांनी घ्यावा', 'आम्ही फक्त प्रश्न विचारतो', असे म्हणून लेखक बाजूला होतो. एखाद्या समाजाबद्दल, संस्थेबद्दल किंवा व्यक्तीबद्दल चार निवडक घटना सांगून थांबले, की पाचवे वाक्य वाचक स्वतः पुरे करतो आणि त्याची जबाबदारी कोणावरच येत नाही. स्पष्ट लिहिलेल्या दाव्याचे खंडन करता येते. न लिहिलेल्या दाव्याचे खंडन करायला गेले की 'असे आम्ही म्हटलेच नाही' हे उत्तर तयार असते. म्हणून पुरावा आधी मांडणाऱ्यावर एक बंधन असले पाहिजे: निष्कर्ष शेवटी का होईना, पण त्याने तो स्वतःच्या नावाने, पूर्ण वाक्यात लिहिला पाहिजे. अवगामी मांडणीतही लबाडी असू शकते. दावा ठोकून द्यायचा आणि त्याखाली आधाराऐवजी त्याच दाव्याची वेगवेगळ्या शब्दांत आवर्तने करायची, ही ती लबाडी. पण ती लगेच पकडता येते, कारण दावा समोर असतो आणि आधाराची जागा रिकामी आहे हे दिसते.

दुसरा आक्षेप साहित्यिकांचा आहे. चांगले लेखक असले नियम पाळत नाहीत, असे ते म्हणतात, आणि ते खोटे नाही. परिच्छेदाच्या पहिल्या वाक्याने त्याचा विषय दाखवून द्यावा, हा नियम स्कॉटलंडच्या अलेक्झांडर बेन यांनी १८६६ साली घालून दिला आणि पुढे इंग्रजी लेखनाच्या पाठ्यपुस्तकांत तो रुजला. रिचर्ड ब्रॅडक यांनी १९७४ साली अमेरिकेतल्या नावाजलेल्या नियतकालिकांतले २५ लेख तपासले, तेव्हा मुद्द्याच्या वाक्याने सुरू होणारे परिच्छेद सुमारे १३ टक्केच भरले. यावरून मुद्देवाक्य शिकवूच नये, असा अर्थ मात्र ब्रॅडक यांनीही काढला नाही. अनुभवी लेखकाचे एक मुद्देवाक्य तीन-चार परिच्छेदांना पुरते, आणि कधी संदर्भ इतका घट्ट विणलेला असतो की ते लिहावेच लागत नाही. त्या नियतकालिकांचा वाचकही सवडीने वाचणारा आणि लेखकावर विश्वास टाकलेला होता. शेतीच्या नुकसानभरपाईचा निकष शोधणाऱ्या किंवा औषधाची सूचना वाचणाऱ्या माणसाची स्थिती तशी नसते. तेव्हा या आकड्याने नियमाचा कडकपणा मोडतो, गरज मोडत नाही. माझाही आग्रह प्रत्येक परिच्छेदाने एकाच साच्यात बसावे असा नाही. लेखकाने जो साचा घेतला तो जाणून घेतला असावा, इतकाच आहे.

तिसरा आक्षेप रंजकतेचा. मुद्दा आधीच कळला तर पुढे कोण वाचील, आणि आजच्या घाईच्या काळात लोक पहिले वाक्य वाचून तेच घोषणेसारखे पुढे पाठवतील, अशी भीती घातली जाते. गोष्टीत शेवट राखून ठेवण्याला अर्थ आहे, कारण तिथे पुढे काय झाले ही उत्सुकता असते. युक्तिवादात उत्सुकता वेगळी असते: हे कशावरून? दावा धाडसी असेल तर तो आधी सांगितल्याने ही उत्सुकता वाढते. 'केसरी'च्या ९ जून १९०८ च्या अंकातल्या टिळकांच्या अग्रलेखाचे शीर्षक 'हे उपाय टिकाऊ नाहीत' असे होते. निष्कर्ष मथळ्यातच होता, म्हणून वाचकांनी पुढचा मजकूर सोडून दिला नाही. सरकारने तर तो इतक्या बारकाईने वाचला की, आधीच्या 'देशाचे दुर्दैव' या लेखासह तो राजद्रोहाच्या खटल्याचा आधार झाला आणि टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. राहिला प्रश्न घाईच्या वाचकाचा. तो पहिल्या वाक्यावरच थांबणार असेल, तर त्याच्या हाती लेखाचा खरा मुद्दा पडलेला बरा की प्रस्तावनेतला सुविचार? बातमी लिहिताना महत्त्वाचे आधी आणि तपशील नंतर, हा उलट्या पिरॅमिडचा नियम वार्ताहर रोज पाळतात. खालून परिच्छेद कापला गेला तरी बातमी उरावी, हा त्यामागचा व्यवहार आहे. अर्धवट वाचणाऱ्यालाही काही मिळावे, हे त्याच व्यवहाराचे दुसरे टोक.

यातून करण्यासारख्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. शासन निर्णयात शीर्षकाखालच्या पहिल्या तीन-चार ओळींत निर्णय काय, कोणाला लागू आणि कधीपासून, एवढे द्यावे. संदर्भ आणि प्रस्तावना कायदेशीर गरज म्हणून त्यानंतर राहू द्यावी. अर्जातली मागणी पहिल्या वाक्यात यावी, हकिकत तिच्या मागून यावी. वृत्तपत्रीय लेखाने आपला दावा पहिल्या परिच्छेदाच्या आत मांडावा. वाचकाच्या ठाम मताविरुद्ध लिहायचे असेल तर तो खुशाल नंतर मांडावा, पण विषय लपवू नये आणि शेवटी निष्कर्ष न लिहिता निघून जाऊ नये. सर्वांत जास्त काम शाळेत आहे. दहावीच्या मुलाला 'वृक्षांचे महत्त्व' यावर दोनशे शब्द लिहायला सांगण्याऐवजी गावातला एक प्रश्न आणि त्याविषयीची पाच तथ्ये द्यावीत, आणि त्यावर दोन परिच्छेद मागावेत: एक सरपंचासाठी, ज्याला उद्या निर्णय घ्यायचा आहे, दुसरा त्या निर्णयाला विरोध करणाऱ्या शेजाऱ्यासाठी. गुण शब्दसौंदर्याला असावेत, तसेच मुद्द्याचे वाक्य जिथे ठेवले तिथे का ठेवले याच्या उत्तरालाही असावेत. व्याकरणाच्या तासाला उद्गामी आणि अवगामी पद्धती वापरणाऱ्या शिक्षकांना हे नव्याने शिकवावे लागणार नाही; त्यांना माहीत असलेली गोष्ट निबंधाच्या तासाला आणायची आहे. निष्कर्ष आधी असो की शेवटी, तो तिथे का आहे असे विचारल्यावर लिहिणाऱ्याला आपल्या वाचकाकडे बोट दाखवून उत्तर देता आले पाहिजे. 'अशीच पद्धत आहे' हे त्या प्रश्नाचे उत्तर होत नाही.